लघवी सुरू झाली

आपल्याकडे खेड्यात साप चावला असं सहसा कुणी म्हणत नाही, ‘पान लागलं’ म्हणतात. दिवेलागणीनंतर तर त्याचं नावही घ्यायचं नाही, जनावर म्हणायचं. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात हे पान बऱ्याचदा रात्रीच लागतं. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आलेली असते. माणूस हातात बॅटरी घेऊन दारं धरायला जातो आणि एका सरीचं पाणी दुसरीत वळवताना पाचटात पाय पडतो. कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फुत्कार कधी ऐकू येतो, कधी तोही येत नाही. ती असते घोणस. काही गावांत तिला परड म्हणतात. पाय सुजत वर चढतो, हिरड्यांतून रक्त झिरपतं. आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांच्या लक्षात येतं की काल संध्याकाळपासून माणसाला लघवीच झालेली नाही.

शंभर वर्षांपूर्वी या खुणेचा अर्थ एकच होता. लघवी थांबली की आठ-दहा दिवसांत खेळ संपला. आज कराडच्या किंवा मिरजेच्या अतिदक्षता विभागाबाहेर सतरंजी टाकून बसलेले नातेवाईक दोन-तीन आठवडे एका वाक्याची वाट पाहत असतात. आतून सिस्टर येते आणि सांगते, “लघवी सुरू झाली.” लगेच गावाकडे फोन जातात. बंद पडलेली किडनी आपली आपण परत येते, हे कळायला आणि ती परत येईपर्यंत माणूस जगवायला डॉक्टरांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या.

सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी देशभर ठाऊक आहे. गोरखनाथांच्या आख्यायिकेपासून चालत आलेली जिवंत नागाच्या पूजेची ही परंपरा वन्यजीव कायद्यामुळे आणि न्यायालयाच्या आदेशांमुळे आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. पण शिराळकरांचं नागाशी असलेलं नातं खरं आहे आणि त्या गावात सापाला मारायला सहसा कुणी काठी उचलत नाही, हेही खरं. घोणशीच्या वाट्याला मात्र अशी पूजा कुठेच आलेली नाही. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतूंवर जातं, पापण्या जड होतात, श्वास अडतो, सगळा निकाल काही तासांत लागतो. घोणस आणि फुरसं रक्तावर जातात. त्यांचं काम सावकाश चालतं, म्हणून माणसं फसतात. चावल्यावर चालत घरी आलेला माणूस बघून सगळ्यांना वाटतं, चला, निभावलं.

इंग्रजीत या सापाला ज्यांचं नाव मिळालं ते पॅट्रिक रसेल ईस्ट इंडिया कंपनीचे स्कॉटिश डॉक्टर. त्यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरचा ग्रंथ १७९६ साली काढला आणि कोंबड्या-कुत्र्यांवर विषाचे प्रयोग करून घोणशीला नागाच्या पंक्तीत बसवलं. १८७२ मध्ये जोसेफ फेरर यांचा हिंदुस्थानातल्या विषारी सापांवरचा मोठा सचित्र ग्रंथ आला. त्यांनी शेकडो प्रयोग केले, त्या काळी नावाजलेली औषधं एकेक करून तपासली आणि यातलं एकही विषावर चालत नाही असं प्रांजळपणे लिहून टाकलं. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी, १८९४ मध्ये, डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेला मिशनचं रुग्णालय उघडलं. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे लांबलांबचे रोगी तिथे येत. मोतीबिंदू, मुतखडा, हर्निया अशा कामांत त्या रुग्णालयाने नाव कमावलं. पण विषाने लघवी बंद झालेल्या रोग्यासाठी त्या वेळी मिरजेतच काय, लंडन-पॅरिसमध्येही काही नव्हतं.

विषावर उतारा सापडला तो त्याच सुमारास. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी १८९५ च्या आसपास घोड्याला थोडंथोडं नागाचं विष टोचून त्याच्या रक्तातून प्रतिविष तयार केलं. ते कुठल्याही सापावर चालेल असा त्यांचा दावा होता. इकडे प्लेगच्या साथीमुळे मुंबईत १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात हाफकिन यांची प्रयोगशाळा थाटली गेली होती. तिथे काम करणाऱ्या जॉर्ज लॅम्ब यांनी पुढच्या काही वर्षांत दाखवून दिलं की नागाचं प्रतिविष घोणशीच्या विषापुढे हात टेकतं. ज्या सापाचं विष, त्याच सापाचं प्रतिविष हवं. आज साधी वाटणारी ही गोष्ट त्या वेळी मोठी होती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच लस आपण आज वापरतो, तिच्या मुळाशी परळच्या त्या खोल्यांमधलं काम आहे. हाफकिन संस्थेच्या या लशीने महाराष्ट्रातल्या किती घरांतला कर्ता माणूस परत आणला, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. मांडायला हवा.

पण लशीलाही मर्यादा आहे. रक्तात मोकळं फिरणारं विष ती पकडते, पण विषाने आधीच करून ठेवलेलं नुकसान तिला मागे घेता येत नाही. घोणशीच्या विषात रक्त गोठवणाऱ्या यंत्रणेची कळ दाबणारे घटक असतात. विष अंगात शिरलं की सगळीकडे एकदम गोठण्याची क्रिया सुरू होते, गोठवणारा माल काही तासांत संपतो, आणि मग खरं रक्त वाहू लागतं तेव्हा ते गोठतच नाही. (हेच विष अगदी विरळ करून १९३४ मध्ये लंडनच्या मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी हिमोफिलियाच्या रोग्यांचा रक्तस्राव थांबवायला वापरलं होतं, आणि रक्ताच्या एका तपासणीत ते आजही वापरतात.) या गोंधळात किडनी चारी बाजूंनी सापडते. तिच्या केसाएवढ्या नळ्यांत बारीक गुठळ्या अडकतात, रक्तदाब घसरल्याने रक्त कमी पोचतं, फुटलेल्या तांबड्या पेशींचा रंग गाळणीत साचतो आणि विष स्वतःही पेशी जाळतं. दोन्ही किडन्या एकाच वेळी काम थांबवतात.

थांबवतात, पण मरत नाहीत. ही गोष्ट कळली ती सापांमुळे कळली नाही, बॉम्बमुळे कळली. १९४० च्या हिवाळ्यात लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास हात-पाय चेपून पडलेली माणसं बाहेर काढली की सुरुवातीला बरी दिसत. मग लघवी गडद होई, कमी होत जाई, आणि साधारण आठवड्याने माणूस जाई. हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी १९४१ मध्ये अशा चार रोग्यांचा वृत्तान्त छापला. चौघंही दगावले होते. चेपलेल्या स्नायूंतलं द्रव्य रक्तात उतरून किडनीच्या नलिका बुजवतं, हे त्या कामातून पुढे आलं. आणखी एक गोष्ट दिसली. जे रोगी थोडे जास्त दिवस तग धरत, त्यांच्या किडनीत जळालेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी उगवू लागलेल्या असत. किडनी सावरायला निघाली होती, पण रोग्याला तेवढे दिवस मिळत नव्हते.

ते दिवस मिळवून दिले विलेम कोल्फ यांनी. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात, सामानाची टंचाई, आणि कांपेन नावाच्या लहानशा गावातला हा तरुण डॉक्टर १९४३ मध्ये लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर सॉसेजचं सेलोफेन गुंडाळून कृत्रिम किडनी बनवत होता. पिंप मिठाच्या पाण्याच्या टबात फिरायचं, सेलोफेनच्या नळीतून रोग्याचं रक्त फिरायचं आणि त्यातली घाण पाण्यात उतरायची. पहिले पंधरा-सोळा रोगी एकामागून एक गेले. दुसरा कुणी असता तर त्याने हा उद्योग सोडला असता. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धावस्थेत आली. नाझींना सामील असल्याच्या आरोपावरून ती तुरुंगात होती आणि तिला वाचवू नये असं म्हणणारे गावात पुष्कळ होते. कोल्फ यांनी तिला यंत्रावर घेतलं. अकरा-एक तासांनी ती शुद्धीवर आली, काही दिवसांत तिची लघवी सुरू झाली आणि पुढे काही वर्षं ती जगली. कृत्रिम किडनीने वाचवलेला हा जगातला पहिला जीव. तिची किडनी कोल्फ यांच्या यंत्राने बरी केली नव्हती. ती स्वतःच सावरली, यंत्राने फक्त मधले दिवस निभावून नेले. आयसीयूमधल्या डायलिसिसचं काम आजही नेमकं एवढंच आहे.

नातेवाइकांच्या मनात डायलिसिसची भीती बसलेली असते ती इथेच निवळायला हवी. ‘एकदा टाकलं की कायमचं’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने वर्षानुवर्षं झिजलेल्या किडनीच्या बाबतीत ते बहुतांशी खरं आहे. कालपर्यंत धडधाकट असलेली किडनी विषाने, हगवणीने किंवा रक्तातल्या जंतुसंसर्गाने अचानक बंद पडते, तेव्हा ते खरं नसतं. या दोन आजारांना आपण एकाच नावाने, ‘किडनी फेल’ म्हणून, हाक मारतो. त्या एका नावामुळे माणसं उपचार अर्धवट सोडून पेशंट घरी घेऊन जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

कृत्रिम किडनी पुढे रणांगणाजवळही पोचली. कोरियाच्या युद्धात अमेरिकन सैन्याने १९५२ मध्ये वोंजूला डायलिसिसची सोय असलेलं खास किडनीचं केंद्र उघडलं. लघवी बंद झालेल्या जखमी सैनिकांपैकी आधीच्या युद्धात दहातले आठ-नऊ मरत, तिथे ते प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला डायलिसिस वेल्लोरला आलं आणि पुढे मुंबईसारख्या मोठ्या शहरांत पोचलं.

कृष्णाकाठी तोवर वेगळाच बदल चालू होता. कराडजवळ खोडशीला एकोणिसाव्या शतकातच बंधारा बांधून कृष्णेचा कालवा काढला होता. स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने उभे राहिले, कोयनेचं धरण झालं, नदीवर उपसा योजना बसल्या. बाजरी-ज्वारीच्या रानात ऊस आला. ऊस आला तसे उंदीर आले, आणि उंदरांमागे घोणस आली. बारा महिने सावली, ओल, पाचटाचं अंथरूण आणि पोटभर खाणं, घोणशीला याहून बरी जागा कुठली? ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. उन्हाळ्याच्या अखेरीला आणि पावसाच्या तोंडाशी ही पिल्लं बाहेर पडतात, आणि नेमकं तेव्हाच माणूस लागणीला, भांगलणीला रानात वाकलेला असतो. थंडीत बीडकडून ऊसतोडीची माणसं येतात, फडाच्या कडेला कोपी टाकून भुईवर झोपतात. ज्या पाण्याने या दोन जिल्ह्यांत पैसा आणला, त्यानेच हा धोका दारात आणला, आणि त्याचा भार मात्र मजुरांनी आणि लहान शेतकऱ्यांनी उचलला.

मिरजेला १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, कराडला १९८४ मध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय. तरी बराच काळ लघवी बंद झालेल्या पेशंटसाठी यंत्र गाठायचं म्हणजे पुण्या-मुंबईची वाट धरायची असा प्रकार होता. अशा वेळी देशभरातल्या लहान रुग्णालयांत उपयोगी पडलं ते पोटाचं डायलिसिस. बेंबीखाली नळी घालायची, पोटात दोन-दोन लिटर पाणी सोडायचं, अर्धा-पाऊण तास थांबायचं, काढून घ्यायचं, पुन्हा सोडायचं. रात्र-रात्र हे चाले. यंत्र लागत नसे, माणसं लागत. त्याच काळात चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत डॉ. किरपाल सिंग चुघ आणि त्यांचे सहकारी सर्पदंशाने बंद पडलेल्या किडन्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. बहुतेकांत नलिकांच्या पेशी गळलेल्या, पण त्यांचा पाया शाबूत होता. अशी किडनी परत येते. काहींत मात्र किडनीची बाहेरची सालच रक्ताअभावी मेलेली होती, आणि ती सहसा परत येत नाही. पेशंट कुठल्या गटात पडेल हे बरंच ठरतं ते विष किती तास मोकळं फिरलं यावर.

म्हणून पहिले तास मोलाचे. घोणशीचं विष अंगात फिरतंय का, हे ओळखण्याची तपासणी इतकी साधी आहे की विश्वास बसू नये. कोरडी, स्वच्छ, नवी काचेची नळी घ्यायची, तिच्यात दोन मिलिलिटर रक्त घालायचं आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. गोठलेलं रक्त जागेवर राहतं. पाण्यासारखं ओघळलं तर विष चढलं आहे, लस सुरू करा. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही, कारण रक्ताला गोठण्याची चालना काचेच्या स्पर्शाने मिळते. भिंतीवरचं घड्याळ आणि ही नळी एवढ्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर निर्णय घेऊ शकतो. इंग्लंडचे डेव्हिड वॉरेल यांनी ही पद्धत उष्ण प्रदेशांत रूढ केली. साताऱ्याहून घाट उतरलं की महाड. तिथे डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दांपत्याने विंचूदंशाबरोबर सर्पदंशाचंही आयुष्यभर काम केलं आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या रोग्यांच्या नोंदी जगभरच्या नियतकालिकांतून मांडल्या. खेड्यात राहून असं शास्त्र करता येतं, हे त्यांनी दाखवलं.

आता त्या लघवीकडे येतो. कॉटच्या कडेला पिशवी लटकलेली असते, तिच्यावर आकडे छापलेले असतात. सिस्टर दर तासाला वाकून बघते आणि तक्त्यावर लिहिते: ५, ०, ५, १०. मधल्या काळात डायलिसिस एक दिवसाआड चालू असतं. मग एखाद्या पहाटे ४० दिसतं, दुसऱ्या दिवशी पिशवी दोनदा रिकामी करावी लागते, आणि पुढे काही दिवस लघवीचा लोंढा लागतो, दिवसाला चार-पाच लिटरसुद्धा. घरच्यांना वाटतं, सुटलो. डॉक्टर मात्र आता जास्त सावध होतात. नव्याने उगवलेल्या पेशी पाणी सोडायला शिकलेल्या असतात, क्षार धरून ठेवायला अजून शिकलेल्या नसतात. पोटॅशियम वाहून जातं, अंगातलं पाणी उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. या टप्प्यावर पेशंट हट्टाने घरी नेला तर हाताशी आलेला माणूस जाऊ शकतो.

डायलिसिस लावायचं कधी, यावर अलीकडे मोठी वादावादी झाली. लवकर लावलं तर किडनीला विश्रांती मिळेल असं वाटायचं. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या ३१ अतिदक्षता विभागांच्या अभ्यासात दिसलं की थांबून पाहिलेल्या रोग्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना डायलिसिस लागलंच नाही. २०२० मध्ये १५ देशांतल्या सुमारे ३,००० रोग्यांच्या अभ्यासाने सांगितलं की घाईने लावल्याने मृत्यू कमी होत नाहीत, उलट ९० दिवसांनंतरही डायलिसिसवर राहणाऱ्यांचं प्रमाण घाई केलेल्या गटात जास्त होतं. पोटॅशियम धोक्याच्या रेषेपलीकडे गेलं, फुप्फुसात पाणी भरलं, तर क्षणाचाही विलंब नको. तसं नसेल आणि डॉक्टर ‘एक दिवस थांबून बघू’ म्हणाले, तर त्यांना टाळाटाळ करणारे समजू नका.

सोयी वाढल्या आहेत, हे मान्य करायला हवं. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे गरिबालाही खासगी रुग्णालयाचं दार उघडलं आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, त्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरलं आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. पण आराखड्याइतकंच महत्त्व दिवसाच्या विजेलाही आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत शेतकरी नेते राजू शेट्टींनी कोल्हापुरात महावितरणच्या दारात शेतीला दिवसा दहा तास वीज मिळावी म्हणून धरणं धरलं. ते आंदोलन पिकाचं होतं तितकंच आरोग्याचंही होतं, असं मी मानतो. अंधारात दारं धरणारा माणूस घरी झोपलेला असेल, तर त्याच्या किडनीसाठी पुढचं काहीच करावं लागणार नाही.

आणि ज्यांची लघवी सुरू झाली, ज्यांना हार घालून घरी आणलं, त्यांच्यासाठी एक सांगणं आहे. श्रीलंकेत आणि बंगालमध्ये अशा बऱ्या झालेल्या रोग्यांना पुढे शोधून तपासलं, तेव्हा काहींच्या किडन्या कायमच्या अधू झालेल्या आढळल्या. त्यांना स्वतःला कसलाच त्रास जाणवत नव्हता. तेव्हा घरात, वस्तीवर किंवा तुमच्या फडात कुणाला घोणस चावून किडनीला धक्का बसला असेल, तर त्याचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी एकदा क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन आणि रक्तदाब तपासून घ्या. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेऊ नका. आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात तर औषध लिहायच्या आधी डॉक्टरांना सांगा, मला पान लागलं होतं आणि माझी लघवी बंद झाली होती.